सायलेन्सर राहू द्या, आधी ब्रेक ऑइल बदला

प्रश्न: माझं वय २६. गाव खानापूर तालुक्यातलं, रोज येऊन-जाऊन बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला आहे. गाडी पल्सर एनएस २००, चार वर्षांची. दर रविवारी आम्ही चौघं पोरं जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटात जातो. वळणात माझा हात चांगला आहे असं सगळे म्हणतात. येत्या फेब्रुवारीत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर ट्रॅक डे (फी भरून आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) आहे, आम्ही दोघांनी नाव घातलंय. आता प्रत्येकजण वेगळंच सांगतोय. एकजण म्हणतोय सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदल, दुसरा म्हणतोय सॉफ्ट टायर घाल, तिसरा म्हणतोय दोनशेची गाडी घेऊन तिथं गेलास तर हसं होणार. फी सोडून खर्च पंधरा हजारांच्या आत बसवायचा आहे. गाडी चालवतच न्यावी असा विचार आहे. तोपर्यंत चोर्ल्यात किती सराव करू? आईला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर: हसं होईल ही भीती आधी मनातून काढा. पहिल्या ट्रॅक डेला दोनशे सीसीची गाडी ही अडचण नाही, सोय आहे. गाडी थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२० च्या वेगावरून ब्रेक मारणं आणि १८० वरून मारणं यांत वेग दीडपट असला, तरी तेवढ्याच वजनाला ब्रेकवरचा भार सव्वादोनपट होतो. तुमच्या गाडीवर चूक लक्षात यायला आणि ती सावरायला वेळ मिळतो. शिवाय मोठी गाडी सरळ पट्ट्यात धावून वळणातली चूक झाकून टाकते, लहान गाडी ती लगेच दाखवते. शिकायचं असेल तर हेच हवं.

आता पंधरा हजारांचं. त्यातला एक रुपयाही सायलेन्सर आणि फिल्टरवर घालू नका. तिथं तुम्हाला एखाद-दुसरा हॉर्सपॉवर जास्त मिळून काही उपयोग नाही, उलट इंधनाचं मिश्रण बिघडून गाडी जास्त तापण्याचा धोका आहे. पैसे या क्रमाने खर्च करा: अंगावरचा पोशाख, ब्रेक, गाडी नेण्याचा वाटा, आणि गरज असेल तरच टायर.

ट्रॅकवर गाडीला नेमकं काय सोसावं लागतं ते आधी समजून घ्या, म्हणजे हा क्रम पटेल. इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, १९९० पासून वापरात असलेला, हल्ली मद्रास इंटरनॅशनल सर्किट नावाने ओळखला जातो. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं १२. नवख्याची फेरी अडीच मिनिटांच्या आसपास धरली, तर पंधरा मिनिटांच्या एका सेशनमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या एका पाळीत, सहा फेऱ्या होतात. सहा सेशन मिळाली तर दिवसभरात १३० ते १५० किलोमीटर. अंतर म्हणून बघितलं तर बेळगावहून धारवाडला जाऊन यावं एवढंच. पण त्यात दर फेरीला पाच वेळा कडक ब्रेक धरला, तर दिवसाला दोनशेच्या घरात जातो. धारवाडच्या रस्त्यावर एवढे कडक ब्रेक तुम्ही वर्षात मारत नसाल.

म्हणून गाडीवरचं पहिलं काम ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि जुनं होईल तसा त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओलावा शोषलेल्याचा १५५ पर्यंत येतो. रोजच्या वापरात हे कळत नाही. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीत कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापला की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि लिव्हर थेट ग्रिपपर्यंत येतो. समोर वळण आणि हातात ब्रेक नाही, अशी गत होते. तुमच्या गाडीला चार वर्षं झाली आणि मधे कुणी ऑइल बदललेलं आठवत नसेल, तर ते बदललेलं नाही असंच समजा.

गॅरेजवाल्याकडून करून घ्या किंवा स्वतः करा, तासाभराचं काम आहे. सीलबंद बाटली घ्या. वर्षभर फोडून ठेवलेली गॅरेजमधली अर्धी बाटली नको. मास्टर सिलेंडरच्या, म्हणजे लिव्हरजवळच्या ऑइलच्या डबीच्या, झाकणावर जो प्रकार लिहिलाय तोच घ्या, आणि नुसतं डॉट ५ लिहिलेलं सिलिकॉनचं ऑइल तर अजिबात नको, ते यात मिसळत नाही. टाकीवर ओला फडका घाला, कारण ब्रेक ऑइलचा थेंब रंग खातो. कॅलिपरच्या निपलला (ऑइल सोडायच्या पोकळ बोल्टला) पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. लिव्हर तीनदा दाबा, दाबूनच धरा, निपल पाव फेरी उघडा, लिव्हर खाली जाईल, निपल बंद करा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा आत शिरते. वरच्या डबीतलं ऑइल कधीच खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका, दर चार-पाच वेळा दाबल्यावर भरत राहा. नळीतून आधी चहाच्या रंगाचं ऑइल येईल, मग फिकट, मग स्वच्छ. स्वच्छ आल्यावरही थोडं सोडा. पुढच्या ब्रेकला शंभर-सव्वाशे मिलिलिटर पुरतं. मागच्या ब्रेकलाही हेच. शेवटी रात्रभर लिव्हर दाबून ग्रिपला टायने बांधून ठेवा आणि सकाळी बघा. स्पर्श दगडासारखा कडक हवा. मऊ लागला तर पुन्हा करा.

पॅड काढून बघा. घासायचा थर ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर नवे घाला, जुने खिशात ठेवा. नव्या पॅडवर किमान दीडशे-दोनशे किलोमीटर रस्त्यावर चालवून मगच ट्रॅकवर जा, नाहीतर पहिल्या सेशनमध्ये ब्रेक नीट धरणार नाही. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. तुमच्या कामाच्या टेबलावर मायक्रोमीटर आहे, दोन मिनिटांत मोजून होईल.

खानापूर-जांबोटी भागात चालणाऱ्या गाडीत आणखी चार गोष्टी हमखास बिघडलेल्या असतात आणि त्या पाहिल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नये. खड्ड्यांत आपटून कोन सेटला, म्हणजे हँडलच्या बेअरिंगला, खाच पडते. पुढचं चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. मधोमध आल्यावर टक् करून अडकल्यासारखं झालं तर कोन सेट गेला. अशा गाडीला वळणात नेमकी रेष धरता येत नाही आणि चालवणाऱ्याला वाटतं आपलाच हात कापतोय. दुसरं, तांबड्या मातीची बारीक पूड पुढच्या शॉकअपच्या डस्ट सीलखाली बसून ऑइल सील कापते. दांडीवर बोट फिरवा. तेलाची कड लागली तर सील बदलूनच जा, कारण ते तेल खाली उतरून डिस्कवर येतं. तिसरं, रिम. चाक फिरवून रिमच्या काठाजवळ पेन धरा आणि फट कमी-जास्त होते का बघा. चौथं, चेन. माती धुवून काढा, चाक फिरवत तीन-चार ठिकाणी ढील मोजा आणि जिथं चेन सगळ्यात ताठ आहे तिथं मॅन्युअलचा आकडा जुळवा. अशा गाड्यांत तो बहुधा २५ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. ट्रॅकवर जायचं म्हणून चेन आवळणारे पुष्कळ असतात. ते चुकीचं आहे: मागचा शॉकअप दबला की चेन आणखी ताणली जाते आणि सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

सॉफ्ट टायरचा सल्ला मनावर घेऊ नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, १८२२ असेल तर २०२२ सालचा १८ वा आठवडा. टायर पाच वर्षांच्या आतला, झिजेच्या खुणेपासून लांब, भेगा नसलेला असेल तर पहिल्या दिवसाला तोच पुरे. दोन कारणांनी मात्र बदला. एक, पंक्चरची स्ट्रिप घातलेली असेल तर. ती रस्त्यावर चालून जाते, पण ट्रॅकच्या उष्णतेत आणि वळणातल्या ताणात तिच्यावर भरवसा ठेवू नये. दुसरं, महामार्गावर पळून टायरचा मधला भाग सपाट झाला असेल तर. अशा टायरवर गाडी झुकताना आधी अडते आणि मग एकदम कलते. नवा टायर घातलात तर आधी शंभरेक किलोमीटर सावकाश चालवा, साच्यातून निघालेला टायर वरून गुळगुळीत असतो.

हवा बेळगावात भरून तशीच नेऊ नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, फेब्रुवारीतल्या सकाळी गारठा. ट्रॅकवर उंची शून्याजवळ आणि उकाडा. आकडा बदलणारच. स्वतःचं चांगलं प्रेशर गेज न्या आणि ट्रॅकवर सकाळी, टायर थंड असताना, मॅन्युअलमध्ये एकट्या चालकासाठी दिलेला आकडा भरा. सेशन संपवून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत) आलात की हेल्मेट काढायच्या आधी पुन्हा मोजा. चार-पाच पीएसआय वाढली असेल तर ठीक. त्याहून जास्त वाढली तर एक पीएसआय सोडा, पुढच्या सेशननंतर पुन्हा मोजा. थंड असताना मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा तीन पीएसआयहून खाली मात्र जाऊ नका. इंटरनेटवर रेसिंग टायरचे आकडे वाचून रोजच्या टायरमधली निम्मी हवा सोडणारे असतात, मग टायर वळणात लोळतो.

ट्रॅकवर पोचल्यावर काढायच्या गोष्टी: आरसे, साडीगार्ड, लेगगार्ड, मोबाइलचा स्टँड, नंबरप्लेट. साडीगार्ड आणि लेगगार्ड घरूनच काढून जा, तिथं गंजलेला बोल्ट तुटला तर अर्धा दिवस त्यात जाईल. हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर यांच्या काचेवर कापडी टेप चिकटवा, म्हणजे फुटलं तरी तुकडे ट्रॅकवर पसरत नाहीत. साइड स्टँड काढायचा की बांधायचा, कूलंट काढून नुसतं डिस्टिल्ड वॉटर घालायचं का, ऑइलच्या ड्रेन बोल्टला तार बांधायची का, हे आयोजकांना लेखी विचारा. ग्लायकॉल असलेलं कूलंट ट्रॅकवर सांडलं तर फार निसरडं होतं आणि पुसून लवकर जात नाही, म्हणून काही जण ते चालू देत नाहीत. तार बांधायला सांगितली तर तुम्हाला कुणाकडे जायची गरज नाही. ड्रेन बोल्टच्या षटकोनी डोक्याच्या एका कोपऱ्यातून दीड मिलिमीटरचं आरपार भोक पाडा, ०.८ ची स्टेनलेस तार ओवून पीळ द्या आणि दुसरं टोक अशा ठिकाणी बांधा, की बोल्ट सैल व्हायला लागला की तार ताणली जाईल. उद्यमबागेत हे कुणीही चहा होईपर्यंत करून देईल.

गाडी चालवत नेऊ नका. बेळगावहून जो राष्ट्रीय महामार्ग ४८ कित्तूर, धारवाड, बंगळूरवरून पुढे जातो, तोच इरुंगट्टुकोट्टैच्या दारावरून जातो, रस्ता चुकायचा प्रश्न नाही. पण अंतर आठशे किलोमीटरच्या पुढे आहे. दोन दिवस चालवून मनगटं आखडलेली, झोप अपुरी, टायर मधोमध झिजलेला, आणि ट्रॅकवर काही तुटलं तर परत यायला गाडी नाही. तुम्ही दोघं आहात. आणखी एक जोडीदार मिळाला तर बोलेरो पिकअपमध्ये तीन गाड्या बसतात, भाडं तिघांत वाटून घ्या. बांधताना पुढच्या बाजूला दोन रॅचेट पट्टे, हँडलला नव्हे तर हँडलखालच्या शॉकअपच्या क्लॅम्पला मऊ लूप घालून, दोन्हीकडे सारख्या ताणाने ओढा. पुढचा शॉकअप निम्म्यापर्यंत दबला की थांबा, पूर्ण दाबलात तर सील जातं. मागे दोन पट्टे फक्त हलू नये म्हणून. गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँड वर. धारवाडच्या अलीकडेच एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळा, पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरमध्येच ते सैल होतात. पिकअप जमत नसेल तर स्वतःच्या गाड्या भाड्याने देणाऱ्या प्रशिक्षण शाळा आहेत, तोही मार्ग वाईट नाही.

पुढे कधी तारीख निवडायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा: आपल्याकडे पाऊस दसऱ्यापर्यंत सरतो, चेन्नईकडे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतो. फेब्रुवारी तुम्ही बरोबर धरलाय. आणि दुसऱ्या खेपेला कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमचा कारी मोटर स्पीडवे बघा. २.१ किलोमीटरचा, आखूड आणि वळणावळणाचा; दोनशेच्या गाडीला तो छान शोभतो.

आता चोर्ला. सराव म्हणून एकदाही जाऊ नका. पहिलं कारण उघड आहे, तो सार्वजनिक रस्ता आहे. समोरून गोव्याचे ट्रक येतात, वळणापलीकडे गुरं असतात, कड्यातून पाणी झिरपतं. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चढाओढ लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. दुसरं कारण तुमच्या प्रश्नाशी जास्त जवळचं: घाटातलं कौशल्य ट्रॅकवर आडवं येतं. घाटात शहाणा माणूस डाव्या कडेला राहतो, वळणापलीकडे उसाचा ट्रॅक्टर उभा असेल असं धरून चालतो आणि वळणाच्या मधे शंका आली की रेस सोडतो. रस्त्यावर या सवयी जपाच. ट्रॅकवर मात्र यातली प्रत्येक सवय चूक ठरते. तिथं रस्त्याची पूर्ण रुंदी तुमची असते. उजव्या वळणाला डाव्या कडेवरून शिरायचं, आत उजव्या कडेला टेकायचं आणि बाहेर पडताना पुन्हा डाव्या कडेपर्यंत जायचं. आतल्या कडेला सगळ्यात जवळ जाण्याच्या जागेला एपेक्स म्हणतात. रस्त्यावरून आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस लवकर वळतो, एपेक्स लवकर गाठतो, मग बाहेर पडताना रस्ता संपतो, तो घाबरून रेस सोडतो किंवा झुकलेल्या गाडीवर पुढचा ब्रेक धरतो आणि पुढचं चाक निसटतं. पहिल्या दिवसाच्या बऱ्याच पडापडीची मुळं इथंच असतात. उपाय एकच, धीर धरून उशिरा वळायचं. एपेक्स तुम्हाला वाटतो त्यापेक्षा पुढे आहे असं समजा.

चोर्ल्याऐवजी सराव असा करा. ओळखीच्या मालकाचं मोकळं डांबरी किंवा काँक्रीटचं आवार रविवारी सकाळी परवानगीने मिळवा. पाण्याने भरलेल्या आठ-दहा बाटल्या खुणेला न्या. पूर्ण पोशाख घालून ५० च्या वेगावरून सरळ रेषेत थांबायचा सराव करा. लिव्हर झटक्यात ओढायचा नाही. आधी हलकेच दाबून पुढचा शॉकअप बसू द्या, वजन पुढच्या टायरवर आलं की मग दाब वाढवत न्या, आणि थांबताना पुन्हा हळू सोडा. सुरुवातीला वीस मीटर लागतील. कोरड्या जमिनीवर हे अंतर पंधराच्या जवळ आलं की तुमचा हात ट्रॅकसाठी तयार झाला. एनएसच्या पुष्कळ गाड्यांना फक्त पुढच्या चाकाला एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी सोय) आहे. तुमची तशीच असेल तर मागचा ब्रेक अगदी हलका ठेवा आणि गिअर एकेक करून खाली आणा. एकदम दोन गिअर पाडून क्लच सोडला की मागचं चाक उड्या मारतं. मग बाटल्या लावून इंग्रजी आठचा आकडा काढा आणि नजर गाडीच्या पुढे, पुढच्या बाटलीवर न्यायची सवय लावा. चार रविवार पुरे.

बसण्याबद्दल थोडक्यात. चवड्याने फूटरेस्टवर, टाच नव्हे. पोटऱ्या-मांड्यांनी टाकी आवळलेली, हात सैल, कोपरं वाकलेली. हँडल घट्ट धरलं की अर्ध्या तासात कोपरापासून पुढचे हात भरून येतात आणि बोटं ब्रेकवर चालेनाशी होतात. गुडघा जमिनीला टेकवायचा नाद पहिल्या दिवशी ठेवू नका.

पोशाखात तडजोड नाही. एकसंध लेदर सूट किंवा कमरेभोवती पूर्ण गोल झिपने जोडला जाणारा दोन भागांचा. रस्त्यावरची जाळीची जॅकेट बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. विकत घेऊ नका, भाड्याने घ्या, पण छाती, कंबर आणि आतल्या बाजूने पायाची लांबी मोजून आधी कळवा. ढगळ सूटमध्ये पडल्यावर कोपरावरचं कवच जागेवरून सरकतं. पाठीचं कवच वेगळं लागेल. बूट घोट्याच्या वर जाणारे, हातमोजे मनगट झाकणारे. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, एकदाही न आपटलेलं, आणि पट्टा दोन कड्यांतून ओवायचा. खटक्याच्या बकलचं हेल्मेट अनेक आयोजक नाकारतात. हेल्मेट आणि हातमोजे स्वतःचेच हवेत, पंधरा हजारांतले पैसे इथं घाला. सूटखाली सुती बनियन घालू नका, घामाने भिजून लेदर अंगाला चिकटतं. घाम वाळणारा पातळ पूर्ण बाह्यांचा कपडा घाला.

सोबत घ्यायचं: पाने आणि ॲलन की, पायपंप, टाय, कापडी टेप, ब्रेक आणि क्लचचा एकेक जादा लिव्हर, जादा गिअर लिव्हर. गाडी नुसती लोळली तरी आधी हेच तुटतात आणि दोन-तीनशेच्या लिव्हरपायी दिवस वाया जातो. पेट्रोल दिवसाला सात-आठ लिटर धरा, ट्रॅकवर सरासरी निम्म्यावर येते. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत, त्याच्या वर नाही. प्यायला तीन-चार लिटर पाणी आणि ओआरएस. किनाऱ्यावरची दमट हवा आपल्या अंगाला सवयीची नाही. दर सेशननंतर तहान नसली तरी ग्लासभर पाणी प्या. दुपारी दहीभात किंवा दोन इडल्या, बस.

सकाळचं ब्रीफिंग बहुधा इंग्रजीत असतं. कळलं नाही तर हात वर करून पुन्हा विचारा, तिथं कुणी हसत नाही. झेंडे पाठ करून जा. पिवळा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर तांबडे पट्टे: रस्ता निसरडा. निळा: मागून वेगवान गाडी येतेय, तुम्ही बाजूला व्हायचं नाही, आपली रेष तशीच धरायची, ओव्हरटेक करणं त्याचं काम. तांबडा: सेशन थांबलं, मागे कुणी आहे हे लक्षात ठेवून सावकाश वेग कमी करत पिटमध्ये या. काळा झेंडा आणि तुमचा नंबर: पिटमध्ये. काळ्यावर नारिंगी गोल: तुमच्या गाडीत बिघाड किंवा गळती आहे, रेसिंग लाइन (वेगात जाणाऱ्या गाड्यांची रेष) सोडून लगेच बाहेर. चौकड्यांचा: सेशन संपलं, एक फेरी सावकाश मारून आत. पिटमध्ये वळण्याआधी डावा हात वर करा.

नाव सगळ्यात नवख्यांच्या गटात घाला. पहिल्या सेशनला फक्त खुणा शोधा: ब्रेक कुठं, वळायचं कुठं, मार्शल (झेंडे दाखवणारी ट्रॅकची माणसं) कुठं उभे आहेत. दोन फेऱ्या टायर तापेपर्यंत संथ, आणि जेवणानंतरच्या पहिल्या सेशनलाही तसंच. ट्रॅक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असला की उजवी वळणं जास्त, त्यामुळे टायरची डावी बाजू थंड राहते. बऱ्याच वेळाने येणाऱ्या डाव्या वळणाला जरा जपून. रस्ता संपतोय असं वाटलं तर गाडी सरळ उभी करा, डांबरावर असेपर्यंत ब्रेक धरा, गवतावर जाताना पुढचा ब्रेक सोडून सरळ जा. हँडल फिरवून ओढून आणायला जाऊ नका. पडलात तर गाडी सोडून द्या, घसरणं पूर्ण थांबल्याशिवाय उठू नका, मग येणाऱ्या गाड्या बघून कठड्याकडे जा. गाडी मार्शल उचलतील. पुढचे हात भरून आले किंवा एकच चूक तीनदा झाली तर शेवटचं सेशन सोडा. थकलेला माणूस शेवटच्या सेशनमध्येच पडतो.

विम्याचं आधीच माहीत असू द्या. दुचाकीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो, तेव्हा ट्रॅकवरचं नुकसान स्वतःचं धरा. आरोग्य विम्यात साहसी खेळांबद्दल काय लिहिलंय तेही वाचा.

आणि आईला सांगूनच जा. फॉर्मवर तातडीच्या संपर्कासाठी घरचा नंबर लिहावा लागतो. तिला त्या फोनवरूनच पहिल्यांदा कळावं हे बरं नव्हे. तिला खरं तेच सांगा: पडण्याची शक्यता आहे, पण तिथं समोरून काही येत नाही, रस्त्याकडेला झाडं-दगड नाहीत, ॲम्ब्युलन्स ट्रॅकवर उभी असते आणि अंगावर डोक्यापासून पायापर्यंत कवच असतं. दर रविवारी तुम्ही चोर्ल्याला जाता तेव्हा यातलं काहीच नसतं. भाड्याचा सूट आणि हेल्मेट तिला दाखवा.

परत आल्यावर गाडी लगेच कामाला काढू नका. आरसे, नंबरप्लेट, साडीगार्ड बसवा, काचांवरचा टेप सोलून काढा. कूलंट काढलं असेल तर पुन्हा भरा. टायरची हवा थंड असताना मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. पॅड पुन्हा मोजा. चेनचा ढील मोजा, ॲक्सलचे नट आणि कॅलिपरचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, कारण दिवसभराच्या कडक ब्रेकनंतर यातलं एखादं सैल झालेलं सापडतं. मग सोमवारी उद्यमबाग.